अक्षराभिकल्प शिक्षण व संगणक

मुद्रणाच्या अक्षरांचे घाट ठरविणाऱ्या विद्येस अक्षराभिकल्प म्हणतात. महाराष्ट्रातील अभिकल्प-शिक्षणात संगणक आला तेव्हा त्याची खरी कसोटी याच विषयात लागली. तत्पूर्वी विद्यार्थी बोरू, कुंचला आणि आलेखकागद यांवर हात बसवीत.

देवनागरीच्या रेषेचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या छाटातून येतो आणि हा छाट रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असतो. संगणकावरील प्रचलित साधने मात्र अक्षराची केवळ बाह्यरेषा आखतात. लेखणी कोठून कोठे गेली, हे त्यांना ठाऊक नसते. त्यामुळे हात न घडलेला विद्यार्थीही सुबक, परंतु निर्जीव अक्षर सहज काढू शकतो. यावर वेगळा विचार मुंबईतच झाला. पी. के. घोष व एस. पी. मुडूर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात कुंचल्याचा आकार व त्याचा मार्ग यांवरून आकृती सिद्ध करण्याची गणिती रीत मांडली. पुढे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत भारतीय लिप्यांच्या मुद्राक्षरांसाठी ‘विन्यास’ ही प्रणाली तयार झाली. तिच्याशी निगडित असलेले र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे जाहिरात व्यवसायात दीर्घकाळ काम केलेले सुलेखनकार. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात (स्था. १९६९) त्यांनी १९८३ ते १९९६ या काळात अध्यापन केले. सुलेखनकार व संगणकशास्त्रज्ञ यांचा असा सहवास अन्यत्र विरळाच.

आरंभीच्या बहुतेक संगणकीय टंकांत देवनागरी अक्षर हे रोमन कळीखाली दडविलेले चित्र होते. टंक बदलला की मजकूर निरर्थक होई. युनिकोड (१९९१) या समान संकेतप्रणालीने ही अडचण हळूहळू दूर केली. जोशी यांचा ‘मंगल’ हा टंक विंडोज २००० या प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचला. त्यानंतर अक्षराबरोबर त्याचे वर्तनही आखणे विद्यार्थ्यास भाग पडले : ‘कि’ आणि ‘ष्ट्यि’ यांवर ऱ्हस्व वेलांटीची कमान एकाच रुंदीची चालत नाही. अनेक टंकांत ‘ल’ व ‘श’ यांची हिंदी वळणेच मूळ धरली जातात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे प्रमाण ठरविली. ती टंकात उतरविण्यासाठी भाषानिहाय पर्यायी रूपे जोडावी लागतात.