आबे फारिया आणि संमोहनाविषयीचे गैरसमज

बेळगावहून चोर्ला घाट उतरून पणजीला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी तो पुतळा पाहिला असेल. मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी, झग्यातला एक पाद्री दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडते आहे. पाद्री म्हणजे कांदोळीत १७५६ साली जन्मलेले आबे फारिया. मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. शिल्प देखणे आहे. पण पाहणाऱ्याच्या मनात येते ते असे, की या माणसाच्या हातांतून काहीतरी निघते आणि समोरच्याला पाडते. गंमत अशी, की फारियांनी आयुष्याची अखेरची वर्षे नेमकी हीच समजूत खोडण्यात घालवली.

ही समजूत आजही जिवंत आहे. काही वर्षांपूर्वी एक आई माझ्या दवाखान्यात आली. म्हणाली, "डॉक्टर, पोराला संमोहित करा आणि दारू सोडवा. त्याला कळू मात्र देऊ नका." त्याआधी एका वशीकरणवाल्याकडे तिचे पैसे गेले होते आणि वर्षही गेले होते. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्या भाषेनेच तिला तसे शिकवले आहे. रघुवंशात अजाला गंधर्वाकडून मिळते ते संमोहनास्त्र शत्रूच्या सैन्याला झोपवते. मोहिनी घालतात, भुरळ पाडतात. करणारा एक आणि बळी पडणारा दुसरा. उपचाराला आपण जे नाव दिले, त्याच्या मागे हा सगळा अर्थ चालत आला.

युरोपातही आरंभ असाच झाला. व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्झ अँटन मेस्मर १७७८ साली पॅरिसला आले. विश्वात एक सूक्ष्म द्रव वाहतो, तो आपण रोग्याच्या शरीरात वळवू शकतो, असे त्यांचे म्हणणे. रोग्यांना झटके येत, काहींना बरेही वाटे. १७८४ साली राजा सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी एक साधा प्रयोग केला. बागेतले जर्दाळूचे एक झाड मेस्मरच्या शिष्याकडून भारून घेतले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडाशी नेले. मुलगा चौथ्या झाडापाशीच बेशुद्ध पडला, आणि ते भारलेले नव्हतेच. समितीचा निष्कर्ष असा, की द्रव वगैरे काही नाही, ही कल्पनेची करामत. प्रकरण तिथेच मिटले. पण नुसत्या कल्पनेने माणूस कोसळत असेल, तर ती कल्पना काय चीज आहे, हा प्रश्न समितीने विचारला नाही.

तो फारियांनी विचारला. ते वडिलांबरोबर १७७१ साली गोवा सोडून गेले आणि रोममध्ये पाद्री झाले. लिस्बनमध्ये राणीपुढे प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची वाचा बसली, तेव्हा वडील कोकणीत पुटपुटले, "कातर रे भाजी!" समोर बसलेले सगळे भाजीपाला आहेत, काप त्यांना, आणि प्रवचन सुरू झाले. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण गोव्याने ती जपली हे योग्यच झाले. शब्द वडिलांचे होते, बोलण्याचे बळ मुलातच होते.

१८१३ साली फारियांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. समोरच्याला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे आणि मग मोठ्याने म्हणायचे, "झोपा!" मेस्मरची उपकरणे नाहीत, द्रव नाही. झोपवणाऱ्याकडे कसलीही खास शक्ती नसते, कारण झोपणाऱ्यात असते, आणि म्हणूनच ती सर्वांवर सारखी चालत नाही, हे त्यांनी ठासून मांडले. पातळ रक्ताची माणसे लवकर झोपतात असेही ते मानत. ते चूक होते, पण मुख्य मुद्दा बरोबर होता. पॅरिसने त्यांची टर उडवली. १८१६ साली त्यांच्यावर प्रहसन रंगभूमीवर आले. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते गरिबीत वारले. शतकाच्या उत्तरार्धात नॅन्सी येथील डॉक्टर ल्येबो आणि बर्नहाइम यांनी सूचनेचा सिद्धान्त मांडला, तेव्हा कुठे फारियांचे म्हणणे प्रतिष्ठित झाले.

दुसरा गैरसमज झोपेचा. मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४३ च्या ग्रंथात निद्रादेवता हिप्नॉस हिच्या नावावरून 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला. ही झोप नव्हे, एका कल्पनेवर एकवटलेले लक्ष आहे, हे पुढे त्यांनाच उमगले. त्यांनी नाव बदलू पाहिले, पण लोकांनी जुनेच धरून ठेवले. संमोहित माणूस ऐकत असतो, बोलू शकतो, न पटणारे नाकारू शकतो. उपचारक उठून गेला, तर तो थोड्या वेळाने आपला आपण डोळे उघडतो.

त्याच सुमारास, १८४५ साली, बंगालमधील हुगळी येथे डॉ. जेम्स एस्डेल यांनी मेस्मरच्या पद्धतीने गुंगी आणून शस्त्रक्रिया सुरू केल्या. क्लोरोफॉर्म तेव्हा यायचा होता. पहिला रोगी एक कैदी होता. एस्डेल स्वतः द्रवच मानत. पण तासन् तास हात फिरवण्याचे काम त्यांनी शिकवलेले देशी मदतनीस करत, आणि गुण तरीही येई. मग दिव्य शक्ती कोणाच्या हातात होती?

इथे आपल्याच घराबद्दल बोलले पाहिजे. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनीही 'ऑर्गेनॉन'मध्ये मेस्मरची पद्धत गौरवली आहे आणि गुण येतो तो उपचारकाच्या प्रबळ इच्छाशक्तीमुळे, असे म्हटले आहे. १८३५ पासून ते पॅरिसलाच राहत. फारिया तिथे वारून तेव्हा सोळा वर्षे झाली होती. विद्यार्थी असताना मी ती कलमे श्रद्धेने पाठ केली. आज मला त्या बाबतीत फारियांचे पटते.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक. संमोहनात स्मृतीचे कुलूप उघडते आणि खरेच बाहेर येते, असे लोक मानतात. प्रत्यक्षात त्या अवस्थेत माणूस कल्पनेने रिकाम्या जागा भरतो आणि त्यावर त्याचा विश्वास मात्र वाढतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ साली अशा आठवणी जास्त विश्वसनीय नसतात असे नोंदवले. निर्दोष माणसावर आरोप येऊ शकतो, घर फुटू शकते. गतजन्म दाखवणाऱ्यांचेही तेच. मी जैन आहे, जातिस्मरण ही आमच्या आगमांतली गोष्ट आहे. पण ठरावीक फी घेऊन तासाभरात दाखवलेल्या गतजन्माला मी ते नाव देणार नाही.

म्हणून संमोहन निरुपयोगी ठरत नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ साली त्याला उपचारांत स्थान दिले. ब्रेड यांच्याच मँचेस्टरमध्ये व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली आतड्याच्या चिवट दुखण्यात त्याचा उपयोग दाखवला. वेदना, भीती, शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती यांत ते मदत करते. मात्र ते प्रशिक्षित माणसाकडून, इतर उपचारांच्या जोडीने आणि रोग्याच्या संमतीने व्हावे.

त्या आईला मी एवढेच म्हटले, "मावशी, त्याला न कळता हे होत नाही. त्यालाच घेऊन या." ती नाराज होऊन गेली. दोन महिन्यांनी मुलगा एकटाच आला. मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. आता पणजीला गेलो की मी त्या पुतळ्यात पसरलेल्या हातांपेक्षा त्या स्त्रीकडे जास्त वेळ पाहतो. फारियांनीही तिकडेच पाहायला सांगितले होते.