एदलाबादचा शिपाई, कूतचा कैदी

आमच्या घरी पत्र्याच्या एका जुन्या पेटीत चांदीचे एक मेडल आहे. एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा स्वार आणि १९१४ व १९१८ ही दोन साले. मुक्ताईनगरला सगळे एदलाबाद म्हणत, तेव्हापासून ते या पेटीत आहे. लहानपणी ईदच्या आदल्या दिवशी आम्ही ते चिंच लावून घासत असू. ते आमच्या पडदादांचे. पडदादांना घरातल्या कोणीच नीट पाहिलेले नव्हते. आमच्या दादांचा जन्मसुद्धा ते बसऱ्याला उतरल्यानंतरचा. त्यांना पाहिलेली एकच व्यक्ती घरात होती, ती म्हणजे बडी अम्मा, त्यांची बायको.

बडी अम्मा १९६२ साली वारली. शेवटपर्यंत तिच्या हातात हिरव्या बांगड्या आणि गळ्यात काळी पोत होती. पडदादा परत आले नव्हते, पण ते गेल्याचेही कोणी तिला सांगितले नव्हते. उलट दर महिन्याला तिच्या नावाने थोडे पैसे येत. त्याला ती ‘पिनशन’ म्हणे. गावात पिनशन घेणारे दोन-चार म्हातारे फौजी होते, ते सगळे चालते-बोलते. त्यामुळे कोणी विषय काढला की तिचे उत्तर ठरलेले, ‘जिसका पिनशन आता, वो मरा कैसा?’

पिनशनच्या पुस्तकावर मात्र इंग्रजीत ‘कैलासवासी शिपायाची विधवा’ अशा अर्थाची एक ओळ होती. दादांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, त्यांना ती वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. अब्बांनी ती १९५५ साली, मॅट्रिकच्या वर्षी वाचली आणि कोणालाही सांगितले नाही. आम्हांला हे त्यांनी फार उशिरा, स्वतः आजारी असताना सांगितले. ‘मला वाटलं, मी सांगितलं तर मीच त्यांना मारलं असं होईल,’ एवढेच म्हणाले. पडदादांचा शोध आम्ही घेतला तो या वाक्यामुळे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे मेडल असेल त्यांनी आधी त्याची कड पाहावी. बादशहाचा चेहरा सगळ्यांच्या मेडलवर सारखाच असतो. त्या कडेवर मात्र शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. वर्षानुवर्षे चिंचेने घासून आम्ही ती अक्षरे जवळजवळ पुसून टाकली होती. दुष्काळात अशी कित्येक मेडले सराफाच्या मुशीत गेली. सुमारे अडीच तोळे चांदी म्हणजे गरिबाघरी थोडी नव्हे. आमचे वाचले, आणि भिंगातून चार आकडे व पलटण वाचता आली : ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री.

मराठा पलटणीत मुसलमान कसा, असे आमच्याच एका सुशिक्षित स्नेह्याने विचारले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला १०३, ११०, ११७ या मराठा पलटणींमध्ये मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दक्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. या तिन्ही पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, लढल्या. १९२२ च्या फेररचनेत ११० वी ही पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, आणि स्वातंत्र्यानंतर तिचेच रूपांतर पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये झाले. नावे अशी बदलत गेल्यामुळे शोधणाऱ्याची निम्मी शक्ती यातच जाते.

नोव्हेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन बगदादच्या वाटेवर जिथे अडली, त्या लढाईला इंग्रजांच्या इतिहासात टेसिफॉन म्हणतात. मुसलमान शिपायाच्या दृष्टीने ते सलमान पाक, हजरत सलमान फारसी यांच्या मजारचे गाव. समोर खलिफाची फौज. तुर्कस्तानने वर्षभरापूर्वीच जिहादचा फतवा काढलेला. त्या खंदकात आमच्या पडदादांच्या मनात काय चालले असेल हे कोणत्याच दप्तरात सापडणार नाही. तिथून माघार घेऊन फौज कूत-अल-अमारा या गावी आली आणि डिसेंबरात वेढ्यात सापडली. १४७ दिवस. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. पुष्कळ हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते मांस नाकारले. धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवावी लागली. शाफई मजहबाच्या आमच्या कोकणी बांधवाला घोडा चालतो, इमाम अबू हनीफांच्या मते मात्र तो मक्रूह. खानदेशातला हनफी शिपाई किती दिवस उपाशी राहिला असेल, त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

२९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती दिली. कैदी सुमारे तेरा हजार. त्यांत दहा हजारांच्या आसपास हिंदी, आणि या हिंदींपैकी तीन हजारांहून अधिक तर भिस्ती, धोबी, स्वयंपाकी असे बिनहत्यारी नोकर. जनरलसाहेबांची कैद मार्माराच्या समुद्रातील एका बेटावर आरामात गेली. शिपायांना बगदाद, मोसूलमार्गे वाळवंटातून पायी हाकण्यात आले. हिंदी कैद्यांतल्या बहुतेकांना रास-अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. भूक, आमांश आणि थंडीने माणसे गेली. शेकडो हिंदी कैद्यांचा तर पुढे पत्ताच लागला नाही. त्या कैदेत काढलेल्या दिवसांबद्दल बंगालच्या रुग्णसेवा पथकातल्या शिशिर सर्वाधिकारींनी ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक लिहिले. असे एखादे मराठी पुस्तक हाती असते तर आमचे काम सोपे झाले असते.

मुसलमान कैद्यांना तुर्कांनी वेगळे काढले होते, आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्नही केला होता. थोडे गेले, बहुतेक गेले नाहीत. पण एवढ्या आधारावर एदलाबादेत आवई उठली की पडदादा सुलतानाच्या फौजेत गेले, तिकडेच घर केले. खिलाफत चळवळीच्या दिवसांत ही आवई अभिमानाने सांगितली जाई. पुढे काळ बदलला, तेव्हा तीच दबक्या आवाजात टोमणा म्हणून ऐकू येऊ लागली. बडी अम्माने दोन्ही वेळा ती ऐकून घेतली. तिच्या लेखी दोहोंचा अर्थ एकच, माणूस जिवंत आहे.

वय जेमतेम विशीचे असताना तिच्या माहेरच्यांनी दुसऱ्या निकाहचे विचारले होते. त्या काळच्या हनफी फिकहनुसार बेपत्ता नवऱ्याच्या, म्हणजे मफकूदच्या, बायकोला त्याचे समवयस्क मरेपर्यंत थांबावे लागे. मालिकी मताप्रमाणे चार वर्षे. हे चार वर्षांचे मत आपल्या देशात कायद्यात आले ते १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने. तेव्हा बडी अम्मा चाळिशी ओलांडलेली होती. मौलवीसाहेबांनी तिला मृत्यूचा दाखला मागितला होता. आणि दाखला तर दर महिन्याला तिच्या हातावर पडत होता, फक्त तिला न येणाऱ्या भाषेत!

शोधाचा मार्ग थोडक्यात सांगतो, कारण तो इतरांच्या उपयोगी पडेल. जिनिव्हाच्या रेडक्रॉसने त्या युद्धातल्या कैद्यांची लाखो कार्डे इंटरनेटवर खुली केली आहेत. त्यांत आम्ही बरेच महिने घालवले, हाती काही आले नाही. ‘शेख’ हा शब्द साहेबाने किती प्रकारांनी लिहावा याला सुमार नाही. लाहोरच्या संग्रहालयातली भरतीची प्रचंड रजिस्टरेही आता खुली झाली आहेत, पण ती पंजाबची. शेवटी उपयोग झाला तो राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या सूचीचा. तिथे पडदादांच्या नावाचे तीन शिपाई निघाले. एकाचे गाव ‘एडलाबाद’ लिहिलेले. आम्ही हरखलो, पण तो निजामाच्या राज्यातला, आजच्या तेलंगणातल्या आदिलाबादचा. त्यालाही पूर्वी एदलाबादच म्हणत. दुसऱ्याची पलटण वेगळी. तिसऱ्यापुढे गाव नव्हते, बापाचे नाव नव्हते, पण ११० वी पलटण होती आणि चार आकडे मेडलच्या कडेवरचे होते.

तारीख होती ९ ऑक्टोबर १९१६. स्मारक, बसरा. ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी हे स्मारक आहे. पण त्याच्या दगडावर गोरे शिपाई आणि हिंदी अंमलदार यांचीच नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या लिहिली गेली. नावे वेगळ्या नोंदवहीत. या भेदभावाची कबुली आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात दिली. म्हणजे बडी अम्मा बसऱ्याला गेली असती तरी तिला तिथे पडदादा एका आकड्यात मिळवलेला एक, एवढेच दिसले असते.

ती तारीख पडदादा खरेच गेले त्या दिवसाची, की कचेरीने धरून चाललेली, हे आम्ही सांगू शकत नाही. बेपत्ता कैद्यांच्या बाबतीत अशी तारीख धरावी लागते. एक गोष्ट मात्र पक्की. शत्रूला जाऊन मिळालेल्याच्या बायकोला इंग्रज सरकार पेन्शन देत नव्हते आणि त्याचे नाव नोंदवहीत ठेवत नव्हते. गावातल्या आवईचे उत्तर बडी अम्माच्या पेटीतच होते.

आम्ही ही तारीख घेऊन आमच्या मोहल्ल्यातल्या मुफ्तीसाहेबांकडे गेलो. विचारले, जिने इद्दत पाळलीच नाही तिचे काय? ते म्हणाले, इद्दत नवऱ्याच्या मृत्यूपासून सुरू होते, खबर पोचण्यापासून नव्हे. खबर उशिरा आली आणि मुदत उलटून गेली असेल तर इद्दत पुरी झाली असेच धरायचे. मग त्यांनीच समोरच्या कागदावर चांद्रमासांनी चार महिने दहा दिवस मोजले. हिशेब फेब्रुवारी १९१७ च्या मध्यावर येऊन थांबला. बडी अम्मा तेव्हा एकवीस वर्षांची होती.