गाभा बदलला, यंत्र अडले

कल्याण, डोंबिवली, ठाणे ह्या स्थानकांतून जाणारी मध्य रेल्वे कित्येक दशके १५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर चालत होती. पुढे २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. मुख्य मार्गावरील हा बदल जून २०१५मध्ये पूर्ण झाला. प्रवाशांना वरची तार नेहमीसारखीच दिसे. पण फक्त जुन्या प्रवाहावर चालणाऱ्या गाड्या तिच्याखाली धावू शकत नव्हत्या. लिनक्स अद्ययावत केल्यावर आभासी संगणक अडतो, तेव्हा असेच काहीसे घडते.

आभासी संगणक म्हणजे खऱ्या संगणकात आज्ञावलीने उभा केलेला दुसरा संगणक. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या रॉबर्ट क्रीसी व सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली रचली. १९६७मध्ये ती वापरात होती. १९७२मध्ये व्हीएम/३७० आली. तेथे यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची होती. टेबलावरच्या संगणकासाठी १९९९मध्ये व्हीएमवेअरची आज्ञावली आणि २००७मध्ये व्हर्च्युअलबॉक्स आले. येथे मात्र लिनक्स एकाचे आणि आभासी संगणकाची आज्ञावली दुसऱ्याची.

अशा आज्ञावलीला प्रोसेसरवर ताबा हवा असतो. त्यासाठी ती लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आपला एक भाग बसवते. त्याला मॉड्यूल म्हणतात. कर्नलची अंतर्गत रचना बदलण्याचे स्वातंत्र्य लिनक्सच्या रचनाकारांनी जाणीवपूर्वक राखले आहे. त्यामुळे जुन्या कर्नलसाठी घडवलेले मॉड्यूल नव्यात सहसा बसत नाही. ते पुन्हा घडवावे लागते. हे आपोआप व्हावे म्हणून डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३च्या सुमारास डीकेएमएस रचले. फेब्रुवारी २००७मध्ये केव्हीएम ही आभासीकरणाची सोय कर्नलमध्येच सामावली गेली, आणि ती कर्नलबरोबरच बदलू लागली. तरीही पेच संपले नाहीत. नोव्हेंबर २०२४च्या ६.१२ ह्या कर्नलपासून केव्हीएम सुरू होताच प्रोसेसरची ती सोय ताब्यात घेऊ लागले, आणि त्याच संगणकावरचे व्हर्च्युअलबॉक्स अडू लागले.

शाळेच्या संगणक कक्षात असे घडले, तर काय करावे? घाईने आभासी संगणक पुसू नये, असे आम्ही आवर्जून सांगू. विद्यार्थ्यांचे काम त्याच्या आभासी डिस्कच्या फायलीत असते. मॉड्यूल न बसल्याने त्या फायलीला धक्का लागत नाही. पुसल्याने मात्र सारे जाते. प्रथम त्या फायलीची प्रत काढावी. मग संगणक सुरू करताना यादीतून जुना कर्नल निवडून पाहावा. त्यावर सर्व सुरळीत चालले, तर दोष नव्या कर्नलशी जुळणीत आहे हे कळते. त्यानंतर नव्या कर्नलच्याच आवृत्तीच्या हेडर फायली बसवून मॉड्यूल पुन्हा घडवावे. तरीही ते बसले नाही, तर सही नसलेले मॉड्यूल सिक्युअर बूट अडवत आहे का, हे तपासावे.

बाकी सारे तेच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही रीत आपण प्रयोगाच्या तासाला शिकवतोच. अडलेला संगणक समोर असताना ती विद्यार्थ्यांच्याच हातून करवून घ्यावी.