तीनशे डॉलर आणि एक नकार

सक्तीची लष्करभरती म्हटली की अमीर-गरीब सर्वांना एकाच रांगेत उभे करणारा कायदा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. तिथे ही सक्ती आली तेव्हा तिच्यासोबत पळवाटाही आल्या. त्या कोणाला सापडल्या, हे पाहण्यासारखे आहे.

यादवी युद्धात (१८६१-६५) दोन्ही बाजूंनी सक्ती केली. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेने एप्रिल १८६२ मध्ये कायदा केला आणि त्याच वर्षी वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरील एका गोऱ्या पुरुषाला सूट दिली. उत्तरेने मार्च १८६३ मध्ये कायदा केला. नाव निघालेल्याने ३०० डॉलर भरावेत किंवा आपल्या जागी बदली माणूस द्यावा, अशी त्यात सोय होती. ३०० डॉलर म्हणजे साध्या मजुराची जवळपास वर्षभराची कमाई! पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनीही बदली माणूसच पाठवला होता. ‘युद्ध श्रीमंतांचे, लढायचे गरिबांनी’ असे लोक उघड बोलू लागले.

जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली. दंगेखोरांत आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांचा संताप खरा होता. पण तो कायदा करणाऱ्यांपेक्षा दुबळ्यांवरच अधिक निघाला. कृष्णवर्णीयांना ठार मारले गेले, त्यांच्या मुलांचे अनाथालय जाळले गेले. शंभराहून अधिक माणसे मेली. गरिबाने आपल्याहून गरिबावर हात उचलावा, हे इतिहासात पुन्हा पुन्हा घडते.

पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या कायद्याने बदली माणूस देण्यावर बंदी घातली. त्या युद्धात सुमारे २८ लाख, तर दुसऱ्या महायुद्धात सुमारे एक कोटी पुरुष सक्तीने भरती झाले. कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या मात्र वेगळ्याच ठेवल्या गेल्या. हा भेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये काढला.

व्हिएतनाम युद्धात पैशांची जागा शिक्षणाने घेतली. महाविद्यालयात शिकणाऱ्याला मुदतवाढ मिळे. ज्याला ते शिक्षण परवडत नसे, त्याला बोलावणे येई. १९६४ मध्ये मुहम्मद अली लष्कराच्या लेखी चाचणीत नापास झाले आणि अपात्र ठरले. १९६६ मध्ये माणसे कमी पडू लागली, उत्तीर्ण होण्याची पातळी खाली आणली गेली आणि तेच अली पात्र ठरले. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट विचार करायला लावते. मुलगा तोच, गुणही तेच. गरज बदलली आणि निकाल बदलला.

२८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे अलींनी भरतीला नकार दिला. आपला धर्म या युद्धात उतरण्याची परवानगी देत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ते तेव्हा ‘नेशन ऑफ इस्लाम’मध्ये होते. त्या संघटनेच्या काही शिकवणी आपल्या अकीद्याशी जुळत नाहीत; १९७५ नंतर अली सुन्नी इस्लामकडे वळले. पण नकाराची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली. अजिंक्यपद गेले, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड सुनावला गेला. ते जामिनावर बाहेर राहिले, तरी उमेदीची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. ते देश सोडून पळाले नाहीत; कोर्टात लढले. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली. त्यांची श्रद्धा प्रामाणिक आणि धार्मिक आहे, हे तोवर सरकारलाही मान्य करावे लागले होते. निकाल कायद्याच्या बारीक मुद्द्यावर लागला, हे खरे. पण तिथवर पोहोचायला एका माणसाला ठाम उभे राहावे लागले.

१९६९ पासून जन्मतारखांची सोडत काढून बोलावणे सुरू झाले. १९७३ मध्ये सक्ती थांबली. १९८० मध्ये तरुणांची नोंदणी तेवढी पुन्हा सुरू झाली.

तीनशे डॉलर भरणारा सुटला, कारण त्याच्या जागी दुसरा कोणी तरी गेला. अलींचा नकार त्याहून वेगळा होता. त्यांनी आपल्या जागी कोणाला विकत घेतले नाही. जे गमावायचे ते स्वतः गमावले. जमिरासाठी दिलेला नकार आणि पैशाने घेतलेली सुटका यांतला हा फरक आपल्या मुलांना सांगायला हवा.