भुंगा दिसतो, अळी कुठाय?

आज खत-फवारणी बाजूला ठेवून थोडा इतिहास. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतली परदेशी भुंग्यांची रंगीत चित्रं हल्ली मोबाईलवर फुकट बघायला मिळतात. मी ती माडवाल्याच्या नजरेने बघतो आणि दर वेळी एकच विचारतो: अळी कुठाय?

लंडनच्या एडवर्ड डोनोव्हनने १८०० साली भारतातल्या किड्यांवरचं पुस्तक काढायला घेतलं. चित्रं त्याचीच, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि वर हाताने रंगवलेली. भुंग्याच्या पाठीची झळाळी बघत राहावी अशी. पण हा गृहस्थ भारतात कधी आलाच नाही. जहाजातून गेलेले वाळके किडे समोर ठेवून काम चालायचं. पेटीतून भुंगा लंडनला पोचला. तो कुठल्या झाडावर होता, त्याची अळी काय खात होती, ते सगळं इकडेच राहिलं.

त्याच्या शंभर वर्षं आधी मारिया सिबिला मेरियन या बाईने वेगळी वाट धरली होती. पन्नाशी ओलांडल्यावर, १६९९ मध्ये, मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. १७०५ साली तिचं पुस्तक आलं. त्यात ताडामाडांत पोसणारा तिकडचा सोंड्या भुंगा आहे, आणि त्याच पानावर त्याची जाडजूड अळीही आहे. आपल्याकडच्या सोंड्याचा तो सख्खा चुलतभाऊ.

आता याचा आपल्या बागेशी संबंध काय? तर गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा, दोघेही माडाचे वैरी, पण दोघांचं वागणं उलटं. गेंड्याचा भुंगा शेंड्यात शिरून कोवळा कोंब खातो; मग पात कात्रीने कापल्यासारखी उलगडते. त्याची अळी मात्र माडावर नसतेच, ती शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या खोडात. सोंड्याचं तसं नाही. त्याची अळीच खोड आतून पोखरते, आणि बाहेर दिसेपर्यंत माड बहुतेक हातचा गेलेला असतो. म्हणजे नुसता भुंगा ओळखून भागत नाही. एकाचा बंदोबस्त खताच्या खड्ड्यात करायचा, दुसऱ्याचा खोडावरची जखम बुजवून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिहारमधल्या पुसा इथे सरकारी कीटकशास्त्राचं काम उभं राहिलं. तिथल्या मॅक्सवेल-लेफ्रॉयचं 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' १९०९ मध्ये निघालं. अंडी, अळी, कोष, किडा आणि पिकाची नासाडी एकत्र दाखवायची पद्धत अशा कामातून आपल्याकडे रुळली. आजच्या कृषी खात्याच्या तक्त्यावर तीच दिसते.

तेव्हा आपल्या ग्रुपवर किडीचा फोटो टाकताना एवढं करा. भुंगा हातावर घेऊन फोटो काढलात तर सोबत पातीचा, खोडाच्या भोकाचा आणि खड्डा उकरून अळी मिळाली तर तिचाही टाका. सल्ला देणाऱ्यालाही त्याशिवाय नेमकं सांगता येत नाही.