त्वचेतल्या लिम्फोमाची ओळख

त्वचेवर लालसर, टणक, न दुखणारी गाठ येते आणि वर्षानुवर्षे जागची हलत नाही. अशा गाठीला कर्करोग म्हणायला डॉक्टर फार काळ धजावत नसत. बी-पेशी या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, लसीकाग्रंथींतच सुरू होतो, त्वचेवर दिसला तर तो आतून पसरलेला, असा पक्का समज होता. स्वीडनच्या बेफवेरस्टेट यांनी १९४३ मध्ये अशा गाठींना दिलेल्या लॅटिन नावातच 'सौम्य' हा शब्द होता. काही गाठी खरोखरच सौम्य असत. युरोपात गोचीड चावून बोरेलिया जंतू शिरला, की कधी कधी कानाच्या पाळीवर अगदी तशीच गाठ येते.

मिलानचे त्वचारोगतज्ज्ञ आगोस्तिनो क्रोस्ती यांनी १९५१ मध्ये एक वेगळा रोग टिपला. पाठीवर गुळगुळीत, जांभळट गाठी, भोवती लाल चट्टे आणि बारीक पुळ्या. वाढ संथ, आणि किरणोपचाराने गाठ विरून जाई. मूळ पेशी ओळखण्यात ते चुकले. त्याचे साधनच तेव्हा नव्हते. रोगाची चाल मात्र त्यांनी अचूक पकडली होती. पुढे पेशींवरच्या खुणा रंगवून पाहता येऊ लागल्या. निरोगी बी-पेशींच्या घोळक्यात प्रतिपिंडांच्या कप्पा आणि लॅम्डा या दोन्ही साखळ्या सापडतात, एकाच पेशीच्या पिलावळीत, म्हणजे लिम्फोमात, एकच. क्रोस्तींचा रोग बी-पेशींचा लिम्फोमाच आहे, हे १९८८ मध्ये मिलानच्याच डॉक्टरांनी दाखवले.

रोगाचा टप्पा ठरवणे याहून अवघड गेले. १९७१ ची ॲन आर्बर पद्धत हॉजकिनच्या रोगासाठी बेतलेली. अंगावर ठिकठिकाणी गाठी असलेला, एरवी ठणठणीत रुग्ण तिच्या मापाने चौथ्या टप्प्यात जाई, आणि गरज नसलेली जबर केमोथेरपी त्याच्या वाट्याला येण्याचा धोका असे. त्वचेसाठी स्वतंत्र मोजमाप २००७ मध्ये आले: एकच गाठ टी-१, एकाच भागात अनेक गाठी टी-२, अंगभर विखुरलेल्या टी-३. ग्रंथी आणि इतर अवयवांची नोंद वेगळी.

त्याआधी २००५ च्या वर्गीकरणाने त्वचेतल्या बी-पेशी लिम्फोमाचे तीन मुख्य प्रकार वेगळे केले होते. फॉलिकल सेंटर आणि मार्जिनल झोन या दोन प्रकारांत पाच वर्षांनंतर दहांतले नऊहून अधिक रुग्ण हयात असतात. वयस्कर स्त्रियांत जास्त आढळणाऱ्या पायावरच्या प्रकारात जेमतेम निम्मे. म्हणून तिथे अस्थिमज्जेची तपासणी टाळता येत नाही. मार्जिनल झोन प्रकाराच्या नावातून २०२२ च्या एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने 'लिम्फोमा' हा शब्दच काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो अजून आहे.