आंतरक्रिया-आकृतिबंध

संगणकीय इंटरफेसच्या रचनेत वारंवार उद्‌भवणाऱ्या समस्येचे अनुभवसिद्ध उत्तर संदर्भासह नोंदविणारे प्रारूप. क्रिस्टोफर अलेक्झांडर व सहकाऱ्यांनी ‘अ पॅटर्न लँग्वेज’ (१९७७) या ग्रंथात २५३ आकृतिबंधांच्या द्वारे वास्तुरचनेसाठी मांडलेली ही पद्धती [→ वास्तुकला] केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ मध्ये स्मॉलटॉक या संगणकभाषेतील खिडक्यांच्या मांडणीस लावली. जेनिफर टिडवेल यांच्या ‘डिझायनिंग इंटरफेसेस’ने (२००५) तिचा प्रसार केला. नोंदीत नाव, समस्या, संदर्भ व उत्तर यांबरोबरच उत्तराच्या लागूपणाची मर्यादाही दिलेली असते, आणि तीच बहुधा अधिक मोलाची; उदा., अर्ज टप्प्याटप्प्याने भरून घेणारा ‘विझर्ड’ नवख्यास सोयीचा, परंतु तेच काम रोज करणाऱ्या सराईत कारकुनास अडथळ्याचा ठरतो. परिचित मांडणीमुळे वापरकर्त्याचे शिकण्याचे श्रम वाचतात आणि अभिकल्पक व आज्ञावलीकार यांस समान परिभाषा लाभते [→ मानव-संगणक आंतरक्रिया].